स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुष इतके थोडे का?

निशिगंध (धागालेखिका)

नमस्कार मंडळी.

गेली सहा वर्षे मी अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका शहरात स्मृतिभ्रंशावरील दीर्घकालीन अभ्यासात समन्वयक म्हणून काम करते आहे. उतारवयातील माणसांना अभ्यासाची माहिती देणे, संमतिपत्रातील प्रत्येक कलम त्यांच्याबरोबर बसून वाचणे आणि एकदा सहभागी झालेली व्यक्ती दर वर्षी तपासणीला येत राहील याची काळजी घेणे, हे माझे काम.

मागच्या महिन्यात ६८ वर्षांचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ आपल्या मुलीबरोबर आमच्याकडे आले. त्यांनी ३४ वर्षे शहराची बस चालवली होती आणि त्यांच्या थोरल्या भावाला आता स्वतःच्या घराचा पत्ताही सांगता येत नाही. त्यांनी खिशातून स्वतःचे पेन काढले, चष्मा पुसला आणि २२ पानांचे संमतिपत्र ओळीखाली बोट ठेवून वाचायला घेतले. सतराव्या पानावर रक्ताचे नमुने भावी संशोधनासाठी साठवून ठेवण्याचे कलम आहे. तेथे त्यांचे बोट थांबले. "मी गेल्यावर हे रक्त कोणाच्या ताब्यात राहील? आणि त्यातून कोणी औषध काढून पैसे मिळवले, तर माझ्या या मुलीला ते कोणी कळवील का?" असे त्यांनी विचारले. मी छापील उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, पेनाला टोपण लावले आणि विचार करून सांगतो म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळी तक्त्यात त्यांच्या क्रमांकापुढे मला "नकार" असे लिहावे लागले, कारण होकार आणि नकार यांखेरीज तिसरा रकानाच आमच्या तक्त्यात नव्हता. वास्तविक त्यांनी नकार दिलेलाच नव्हता. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि आमच्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. ती रात्र मला नीट झोप लागली नाही, आणि तेव्हापासून हा धागा काढण्याचे मनात होते.

प्रश्न किती गंभीर आहे ते आधी सांगते. अमेरिकेतील वृद्ध कृष्णवर्णीयांमध्ये अल्झायमर आणि तत्सम स्मृतिभ्रंशाचे प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दुप्पट आहे, असे तेथील अल्झायमर्स असोसिएशन अनेक वर्षे सांगत आली आहे. ज्यांना आजार अधिक, त्यांच्यावर औषधाची चाचणीही अधिक व्हायला हवी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या अ‍ॅड्युकॅनुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांतील ३,२८५ जणांपैकी कृष्णवर्णीय फक्त १९ होते. त्यानंतर आलेल्या लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ जण होते आणि डोनानेमॅबच्या चाचणीत १,७३६. या दोन्हींत कृष्णवर्णीयांचा वाटा तीन टक्क्यांहून कमी राहिला. या औषधांनी मेंदूला सूज येणे किंवा बारीक रक्तस्राव होणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. ते कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत कितपत संभवतात, हे इतक्या थोड्या लोकांवरून कोणता डॉक्टर खात्रीने सांगू शकेल?

त्यातही पुरुष आणखी मागे आहेत. निरीक्षणात्मक अभ्यासांत, म्हणजे औषध न देता केवळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत, कृष्णवर्णीय समाजातून जे लोक येतात, त्यांत स्त्रियांचेच बहुमत असते. चर्चमधून निरोप गेला की बायका येतात, बहिणी येतात, मुली आपल्या आईला घेऊन येतात. वडील मात्र गाडीत बसून राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

या परिस्थितीचे एक तयार स्पष्टीकरण प्रत्येक बैठकीत ऐकू येते: "टस्कीगीमुळे त्यांचा विश्वास उडालेला आहे." ज्यांना ही घटना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातील मेकन काउंटीत, टस्कीगी गावाच्या परिसरात, सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना आजाराचे नाव कधी सांगण्यात आले नाही; तुमचे "रक्त खराब" आहे, एवढेच सांगितले गेले. फुकट जेवण, फुकट तपासणी आणि अंत्यविधीचा खर्च यांच्या बदल्यात मृत्यूनंतर शवविच्छेदनाला संमती घेण्यात आली. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगावरचा सर्वमान्य उपचार ठरला होता, तरीही ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीवरून असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांनी जुलै १९७२ मध्ये बातमी दिली, तेव्हा कुठे ४० वर्षांनी हा प्रकार थांबला. सरकारच्या वतीने राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती मे १९९७ मध्ये, आणि तोवर त्या पुरुषांपैकी मोजकेच हयात होते.

हा इतिहास खरा आहे आणि तो विसरू नये. तरीही "विश्वास उडालेला आहे" या वाक्यात दोष नकळत त्या माणसाच्या माथी जातो, असे मला वाटू लागले आहे. २००६ मध्ये डेव्हिड वेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० अभ्यासांतील ७० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांना प्रत्यक्ष विचारण्यात आले, त्यांत अल्पसंख्याकांचे होकाराचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. मूळ अडचण त्यांना विचारलेच जात नाही ही आहे, आणि विचारले तरी त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी बसत नाही.

इथे डॉक्टर आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत, अमेरिकेत आईवडिलांची शुश्रूषा करणारे आहेत. आपले मत आणि अनुभव अवश्य लिहावेत.

सह्यवासी

निशिगंधताई, लेख वाचून अस्वस्थ झालो. एक शंका आहे. आजाराचे प्रमाण दुप्पट असण्याचे कारण अनुवंशिक असेल, तर लोकांना अभ्यासात आणण्यासाठी इतका आटापिटा करण्याऐवजी आहेत त्याच नमुन्यांतून जनुके शोधणे अधिक सोपे होणार नाही का? मी अभियंता आहे, वैद्यकाचे ज्ञान नाही, म्हणून विचारतो.

न्यूरॉन

सह्यवासी, आपली शंका रास्त आहे. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, शिक्षण पुण्यात झाले आणि आता इंग्लंडमध्ये काम करतो.

"आहेत त्याच नमुन्यांतून" शोधणे शक्य नाही, कारण ते नमुने बहुतांश गोऱ्यांचे आहेत. एपीओई जनुकाचा ई४ हा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत अल्झायमरचा मोठा धोका दर्शवतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्याचा प्रभाव बराच कमी दिसतो. उलट एबीसीए७ या जनुकातील बदलांचा संबंध आफ्रिकन अमेरिकन लोकांत अधिक ठळक असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते कळले ते हजारो कृष्णवर्णीय लोकांनी रक्त दिल्यामुळेच.

परंतु अनुवंशिकतेने सारे उलगडत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील इंडियानापोलिस आणि नायजेरियातील इबादान या दोन शहरांतील तुलनेत आहे. ह्यू हेंड्री आणि त्यांच्या नायजेरियन सहकाऱ्यांनी १९९२ पासून इबादानमधील योरुबा समाजाचे वृद्ध आणि इंडियानापोलिसमधील आफ्रिकन अमेरिकन वृद्ध यांचा एकाच पद्धतीने पाठपुरावा केला. २००१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण इबादानमध्ये वर्षाला १.३५ टक्के, तर इंडियानापोलिसमध्ये ३.२४ टक्के होते. दोन्हीकडच्या लोकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, पण आयुष्य वेगळे. योरुबा लोकांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण कमी होते. म्हणजे अमेरिकेतल्या जगण्यातच धोका वाढवणारे काहीतरी आहे, आणि जे जगण्यातून येते ते काही अंशी टाळताही येते.

यात रक्तदाब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांना तो लवकर सुरू होतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे उपचाराविना राहतो. मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मधल्या वयापासूनच त्याचा मार सोसत असतात. विसरभोळेपणा दिसू लागतो तो २०-२५ वर्षांनी. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला तर काय होते, हे पाहणाऱ्या अमेरिकेतील चाचणीचे मेंदूविषयक निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात ९,३६१ जण होते आणि त्यांतले जवळजवळ ३० टक्के कृष्णवर्णीय होते. सौम्य बौद्धिक ऱ्हासाचा धोका १९ टक्क्यांनी घटला. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता ताईंच्या लेखात न आलेला एक मुद्दा. कृष्णवर्णीय उमेदवार स्वतःहून आले तरी चाचणीपूर्व तपासणीत ते अधिक प्रमाणात बाद होतात, कारण नवी औषधे मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनावर काम करतात आणि ते पुरेशा प्रमाणात दिसले तरच प्रवेश मिळतो. शिकागोच्या रश विद्यापीठात लिसा बार्न्स यांच्या गटाने मृत्यूनंतर मेंदूंची तपासणी केली. अल्झायमरचे निदान झालेल्यांपैकी केवळ अल्झायमरच्याच खुणा असलेले मेंदू गोऱ्यांत ४२ टक्के होते, कृष्णवर्णीयांत २० टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांत रक्तवाहिन्यांचे विकार आणि लुई पिंडांसारखी (मेंदूच्या पेशींत साठणारे प्रथिनांचे गोळे) अन्य विकृती मिसळलेली होती. ही पाहणी छोटी होती, पण तिच्यावरून एक शंका येते, की आपण औषध एका आजारासाठी बनवले आणि या माणसांना दोन-तीन आजार एकत्र आहेत. त्याखेरीज मधुमेह किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना अनेक चाचण्यांत घेतच नाहीत. दार उघडे आहे असे म्हणायचे आणि उंबरठा इतका उंच ठेवायचा की ज्याला गरज आहे त्यालाच तो ओलांडता येऊ नये, असा हा प्रकार झाला आहे.

जुनेपान

मी नागपूरला इतिहास शिकवतो. या विषयातले एक नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, ते सॉलोमन कार्टर फुलर यांचे.

त्यांचा जन्म १८७२ साली लायबेरियातील मनरोव्हिया येथे झाला. त्यांचे आजोबा अमेरिकेत गुलाम होते. त्यांनी पैसे भरून आपली सुटका करून घेतली आणि ते लायबेरियाला गेले. नातू शिक्षणासाठी उलट दिशेने अमेरिकेत आला आणि १८९७ मध्ये बोस्टन विद्यापीठातून डॉक्टर झाला. १९०४ मध्ये फुलर म्युनिकला गेले आणि अलॉइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. परतल्यावर मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो येथील रुग्णालयात ते मेंदूचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासत राहिले. १९१२ मध्ये या नव्या आजाराचा इंग्रजीतील पहिला सविस्तर आढावा त्यांनीच लिहिला. मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाच्या चकत्यांवरूनच हा आजार ठरवता येतो का, ही शंकाही त्यांनी त्या काळी मांडली होती. न्यूरॉन यांनी वर लिहिलेल्या मिश्र विकृतीच्या संदर्भात मला हे फार अर्थपूर्ण वाटते. आणि याच माणसाला डावलून विद्यापीठाने त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या गोऱ्या प्राध्यापकाला बढती दिली, तेव्हा १९३३ मध्ये ते निवृत्त झाले.

अल्झायमरचे संशोधन ही गोऱ्यांची गोष्ट आहे, कृष्णवर्णीयांना तिच्यात "आणायचे" आहे, असा सूर अनेकदा लागतो, म्हणून हे सविस्तर लिहिले. एक कृष्णवर्णीय पुरुष या संशोधनाच्या पायाभरणीत होता.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" हा आपला ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेपासून प्रेरणा घेऊनच. टस्कीगीची बातमी फुटली तेही १९७२ च. ब्लॅक पँथर म्हटले की लोकांना बंदुका आठवतात, परंतु त्या संघटनेने वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची मोहीमही राबवली. आम्हा विदर्भातल्या लोकांना सिकलसेल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या माणसांची तपासणी आपल्या माणसांनी, आपल्या वस्तीत करायची, ही कल्पना त्या समाजाला कोणा विद्यापीठाने शिकवलेली नाही.

पिंपळपान

ताईंशी बराचसा सहमत आहे. तरी टस्कीगीचा प्रभाव कमी लेखू नये असे वाटते. मार्सेला अल्सान आणि मॅरिएन वानामेकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की १९७२ च्या त्या बातमीनंतर कृष्णवर्णीय पुरुषांचे डॉक्टरकडे जाणे घटले, आणि पंचेचाळिशीतील पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान त्यामुळे दीड वर्षापर्यंत कमी झाले असावे. मेकन काउंटीच्या जितके जवळ, तितका परिणाम अधिक. इतिहास असा हाडामांसात उतरतो.

मात्र आजच्या पुरुषांना १९३२ पर्यंत मागे जाण्याची गरजच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले उदाहरण अमेरिकन फुटबॉलचे आहे. डोक्याला वारंवार मार बसून मेंदूचे विकार झालेल्या माजी खेळाडूंना एनएफएल या व्यावसायिक संघटनेकडून भरपाई देण्याची तडजोड झाली. भरपाईसाठी स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ठरावीक घसरण दिसणे आवश्यक होते. घसरण मोजायची तर मूळ पातळी गृहीत धरावी लागते, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ पातळी गोऱ्यांपेक्षा कमी धरण्याची पद्धत तेथे वापरली जात होती. तिला रेस-नॉर्मिंग म्हणतात. याचा अर्थ असा, की दोन खेळाडूंना अगदी सारखे गुण मिळाले तरी गोऱ्या खेळाडूला स्मृतिभ्रंश आहे असे ठरणार आणि कृष्णवर्णीय खेळाडू "पहिल्यापासून असाच" ठरणार. केविन हेन्री आणि नजे डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये न्यायालयात धाव घेतली, २०२१ मध्ये एनएफएलने ही पद्धत बंद करण्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने सुधारित व्यवस्थेला मंजुरी दिली.

या खेळाडूंपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. वाड्या-वस्त्यांतील प्रत्येक पुरुष त्यांना ओळखतो. "आमची बुद्धी मुळातच कमी, असे ज्यांच्या तक्त्यात लिहिले आहे, त्यांच्याकडे मी माझी स्मरणशक्ती तपासायला का जाऊ?" असे कोणी विचारले तर त्याला अविश्वासू म्हणायचे की जाणता? अल्झायमर्स असोसिएशनच्याच २०२१ च्या पाहणीत ६२ टक्के कृष्णवर्णीयांनी वैद्यकीय संशोधन आपल्यासारख्यांच्या बाबतीत पक्षपाती असल्याचे म्हटले होते. ते अनुभवावरून बोलत होते.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. जुनेपान सर, फुलर यांचे छायाचित्र मी आमच्या प्रतीक्षागृहात लावण्यासाठी अर्ज केला आहे. पिंपळपान, आपण लिहिलेले मला मान्य आहे. इतिहासाकडे बोट दाखवून वर्तमानातील अन्यायातून आम्ही सुटका करून घेतो, एवढेच मला म्हणायचे होते.

आता कशाने फरक पडतो याविषयी लिहिते. सर्वांत ठोस पुरावा केशकर्तनालयातला आहे. कृष्णवर्णीय वस्तीतले बार्बरशॉप हे नुसते केस कापण्याचे ठिकाण नसते. आपल्याकडच्या गावच्या पारासारखे ते असते. माणूस पंधरवड्याने तिथे जातो, वर्षानुवर्षे एकाच खुर्चीत बसतो, आणि बायकोला न सांगितलेली गोष्टही न्हाव्याला सांगतो. लॉस एंजेलिस भागात रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ दुकानांत ३१९ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या दुकानांत न्हाव्यांनी फक्त डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. उरलेल्या दुकानांत खास प्रशिक्षित औषधनिर्माते स्वतः येऊन, दुकानातच रक्तदाब मोजून औषध सुरू करत होते. सहा महिन्यांनी पहिल्या गटातला वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता आणि दुसऱ्या गटातला २७ अंकांनी. एकाच न्हाव्याचा शब्द, पण नुसता सल्ला आणि हातात ठेवलेले औषध यांत इतके अंतर पडते.

दुसरा अभ्यास ब्लॅक पँथरचा जन्म झाला त्याच ओकलंडमधला. वर उल्लेख आलेल्या अल्सान यांनीच सहकाऱ्यांबरोबर केशकर्तनालयांतून आणि जुन्या बाजारांतून सुमारे १,३०० कृष्णवर्णीय पुरुषांना एका दवाखान्यात बोलावले. काहींना कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाले, काहींना अन्य वंशाचे. डॉक्टरचे केवळ छायाचित्र पाहून तपासण्या निवडायच्या होत्या तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. समोरासमोर बोलणे झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टरांकडे गेलेल्यांनी मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या बऱ्याच अधिक प्रमाणात करून घेतल्या. मला या निष्कर्षातला छायाचित्राचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. माहितीपत्रकावर हसरा कृष्णवर्णीय चेहरा छापून आम्ही समाधान मानतो. त्याने काही होत नाही, बोलणे व्हावे लागते.

ओरेगनमधील पोर्टलंड येथे रेना क्रॉफ यांनी वेगळीच वाट धरली. त्या शहरातील जुनी कृष्णवर्णीय वस्ती पुनर्विकासात विखुरली गेली. वृद्धांनी तिघातिघांच्या गटाने त्याच रस्त्यांवरून चालायचे, ठरावीक ठिकाणी टॅब्लेटवर तेथील जुने छायाचित्र पाहायचे आणि आठवणी बोलून दाखवायच्या, असा हा उपक्रम आहे. पायांना व्यायाम, मेंदूला चालना, आणि उद्ध्वस्त झालेल्या वस्तीचा इतिहासही नोंदला जातो. संशोधनाने आधी काही दिले, मग मागितले.

माझी एक चूक येथे सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली दोन वर्षे मी सर्वांना सकाळी १० च्या वेळा देत असे. बहुतेक चाचण्यांत सहभागी व्यक्तीबरोबर तिला नीट ओळखणारा सोबती लागतो आणि बहुधा तो जोडीदार असावा अशी आमची कल्पना. आमच्याकडे येणारे अनेक पुरुष विधुर किंवा एकटे राहणारे होते. त्यांचा सोबती म्हणजे नोकरी करणारी मुलगी किंवा पुतण्या. दिवसभराचा पगार बुडवून त्यांनी यावे अशी आमची अपेक्षा होती आणि ते आले नाहीत की आम्ही "उत्साह नाही" असे लिहीत होतो. शनिवारची वेळ सुरू केली, गाडीभाडे त्याच दिवशी रोख द्यायला लागलो, आणि तेच लोक यायला लागले. ज्यांना मी उदासीन समजत होते त्यांची मी आज मनापासून क्षमा मागते.

केवडा

मी न्यू जर्सीत असते. सासऱ्यांना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आपल्या मंडळींमध्येही पुरुष "वय झाले की विसरायला होतेच" असे म्हणून तपासणी टाळतात, त्यामुळे वाचताना घरचेच चित्र दिसत होते. तरी एक फरक मला जाणवतो. आम्ही टाळतो ते लाजेपायी; आमच्यावर कोणी टस्कीगी केलेले नाही. त्यामुळे "आमच्याकडेही असेच असते" असे म्हणून हा विषय सोडून देणे योग्य होणार नाही.

दोन प्रश्न आहेत. मेंदूदानाविषयी या कुटुंबांशी आपण कसे बोलता? आणि त्या बसचालक गृहस्थांचे पुढे काय झाले?

सह्यवासी

केवडाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे आहे. न्यूरॉन, इबादानचे उदाहरण डोक्यातून जात नाही. काल वडिलांचा रक्तदाब मोजला, १५६ निघाला. त्यांना तीन वर्षांत कोणी विचारले नव्हते, मीही नाही.

निशिगंध

केवडाताई, मेंदूदानाचा विषय मी पहिल्या भेटीत काढत नाही. टस्कीगीत अंत्यविधीच्या खर्चाच्या बदल्यात शवविच्छेदनाची संमती घेतली होती, हे या भागातल्या घराघरांत माहीत आहे, त्यामुळे "मृत्यूनंतर" हा शब्द उच्चारताच खोलीतली हवा बदलते. अंत्यदर्शनाच्या वेळी शवपेटी उघडी ठेवण्याची या समाजात प्रथा आहे, तेव्हा चेहरा कसा दिसेल हा पहिला प्रश्न असतो. चेहऱ्यावर खूण दिसत नाही, दर्शनाला बाधा येत नाही आणि कुटुंबाला त्याचा खर्च येत नाही, हे मी स्पष्ट सांगते. तपासणीनंतरचा अहवाल कुटुंबाला मिळतो, हेही सांगते. वडिलांना नेमके काय झाले होते हे जाणण्याची मुलांची इच्छा हेच होकाराचे सर्वांत मोठे कारण असते. धर्मगुरूंनाही त्या बैठकीला बोलवावे असा माझा अनुभव आहे. तरीही काही घरांतून नकार येतो आणि तो मी नकार म्हणूनच स्वीकारते.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांचा प्रश्न विचारताना त्यांच्या मनात हेन्रिएटा लॅक्स असणार, हे मला उशिरा उमगले. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या, जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढवल्या आणि विकल्या गेल्या, कुटुंबाला दोन दशकांनी पत्ता लागला, आणि एका कंपनीबरोबर वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. म्हणजे मुलीला कोणी कळवील का, हा प्रश्न हवेतला नव्हता.

मी नमुन्यांच्या पेढीतील अधिकाऱ्यांकडे आणि नैतिकता समितीकडे तीन आठवडे पाठपुरावा केला. आता आमच्याकडे एका पानाचे, मोठ्या अक्षरांतले उत्तर आहे. नमुने कोणत्या इमारतीत राहतात, कोणाच्या परवानगीने बाहेर जातात, कंपनीला दिले तर पैशांत सहभागींचा वाटा असतो का (नसतो, आणि तसे स्वच्छ लिहिले आहे), आणि मनात आले तर उरलेले नमुने नष्ट करून घेण्यासाठी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे त्यात आहे. आमच्या तक्त्यातही तिसरा रकाना आला आहे: "प्रश्नाचे उत्तर देणे बाकी".

ते पान मी त्यांना टपालाने पाठवले. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. पैशांत वाटा नाही हे त्यांना आवडलेले नाही, मात्र ते लपवले नाही हे बरे वाटले, असे त्यांनी सांगायला लावले होते. येत्या शनिवारी ११ वाजता दोघे येणार आहेत. त्यांनी आणखी तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत.